नळीच्या वाटेला दोघंच?

डिसेंबरात मित्राला घेऊन पायथ्याच्या बेलपाडा गावातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करायचाय, दोघांचं राजगड-तोरणा झालंय, मित्राचे मात्र कड्याच्या टोकाला पाय लटपटतात, तर जमेल का, असं तुम्ही विचारलंय. दमाची चिंता नको. राजगडावरून तोरणा गाठलेल्या माणसाला इथली हजार मीटरवरची चढाई जड जाईल, पण होईल. मला खटकलं ते तुमचं 'दोघंच'.

नळी म्हणजे गडाच्या कोकणकड्याला खेटून वर गेलेली घळ. खाली मोठमोठे धोंडे, मग घसारा आणि वरच्या अंगाला कातळटप्पे. धोंड्यांवरून उड्या मारताना मजा येते, माणूस फुशारतो. घसाऱ्यात ती उतरते. सगळा सुटा मुरूम आणि दगड. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. त्यात घळ अरुंद. वरच्याच्या पायाखालून सुटलेल्या दगडाला दुसरीकडे जायला जागाच नसते, तो खालच्याच्याच वाटेने येतो.

आम्हीही दोघंच गेलो होतो. मी पुढे, मित्र दहा-बारा पावलं मागे. माझ्या पायाखालून नारळाएवढा दगड निसटला. मी "दगड!" म्हणून ओरडलो आणि तो बिचारा वर बघायला लागला. नवा माणूस हेच करतो. दगड त्याच्या गुडघ्याच्या बाजूला बसला. हाड वाचलं, पण पाय टेकवेना. मोबाईलला रेंज नाही. त्याला एकटा टाकून मदत आणायला खाली जायचं, की त्याच्याजवळ बसून राहायचं? तासभर हाच घोळ चालला. शेवटी त्याची सॅक मी घेतली आणि रखडत वर निघालो. शेवटच्या कातळटप्प्याखाली पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि चालू टॉर्च एकच. कसे वर आलो हे मी घरी अजून नीट सांगितलेलं नाही.

म्हणून बेलपाड्यातून वाटाड्या घ्याच. वाट चुकेल म्हणून नाही, नळीत शिरल्यावर चुकायला फारसं काही नाही. तिसरा माणूस हवा तो अशा वेळी एकाने जखमीजवळ थांबावं आणि दुसऱ्याने रेंजमध्ये जावं म्हणून. डोंगरात बचावासाठी धावून येणाऱ्या तुकड्या महाराष्ट्रात आहेत, पण त्यांना फोन करायला कुणीतरी खाली पोचायला हवं ना! शिवाय मित्राला उंचीची धास्ती आहे, म्हणजे कातळटप्प्यावर त्याला रोप लागणार. वरून बिले देणारा, म्हणजे चढणारा घसरला तर रोपवर त्याला धरून ठेवणारा, सरावाचा हवा. यूट्यूबवर गाठी शिकून आलेला नको. तुमच्यापैकी कुणालाच ते येत नसेल तर रोप बांधून देणाऱ्या एखाद्या ग्रुपबरोबर जा, त्यात कमीपणा नाही.

घसाऱ्यात दोन पद्धती चालतात. एक तर अगदी चिकटून चालायचं, म्हणजे दगडाला वेग घ्यायला वाव मिळत नाही. नाहीतर एकाने आडोशाला थांबायचं आणि दुसऱ्याने पूर्ण टप्पा पार करायचा. आमचं दहा-बारा पावलांचं अंतर सगळ्यात वाईट होतं. आरोळी ऐकली की वर बघायचं नाही, अंग कातळाला चिकटवायचं. हेल्मेट हवंच. बाईकचं नाही, गिर्यारोहणाचं.

रात्रीच बेलपाड्यात मुक्कामाला पोचा आणि उजाडताच निघा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळभर सावलीत चालता. दुपारनंतर तोच कातळ तव्यासारखा तापतो. पाणी माणशी चार लिटर, नळीत मिळेल या भरवशावर राहू नका. वर पोचायला सात-आठ तास धरा. दुपारी बारापर्यंत घसारा संपला नसेल तर मागे फिरायचं, हे घरून निघतानाच दोघांनी ठरवून टाका. वर गेल्यावर ठरवायला बसलात तर हट्ट आडवा येतो.

उतरताना नळी नको. पाचनईची वाट सोपी आहे, पण ती घाटावर उतरते आणि बाईक बेलपाड्यात राहते, हा घोटाळा अनेकांचा होतो. बाईकने जाणार असाल तर वाटाड्याबरोबरच साधले घाटाने परत बेलपाड्यात या. किंवा सरळ एसटीने जा. कल्याणहून माळशेजकडे जाणारी गाडी धरून मोरोशीला उतरायचं आणि तिथून आत.

आणि कोकणकड्याच्या टोकावर मित्राला उभं करू नका. पोटावर झोपून डोकं बाहेर काढायचं, पाय तुम्ही धरा. तसं बघितलं की त्याची भीती कमी होईल की वाढेल हे माणसावर आहे. माझ्या मित्राने डोळे मिटूनच घेतले होते.

तारीख ठरली की कळवा. त्याचं हेल्मेट माझ्याकडेच पडून आहे, नंतर त्याने मागितलंच नाही. तुमच्या मित्राला देतो.