अवे मॅचला जावं का? फातोर्ड्यात आकाशी जर्सी घालून बसलेल्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आपल्या फुटबॉल संघाची, मुंबई सिटीची, मॅच एफसी गोवाच्या मैदानावर, मडगावच्या फातोर्ड्याला आहे, पहिल्यांदाच अवे मॅच, म्हणजे समोरच्या संघाच्या गावी जाऊन, बघायचा विचार आहे. आपली आकाशी जर्सी घालून गेलं तर त्रास होईल का? आणि टीव्हीवर जास्त चांगली दिसणाऱ्या मॅचसाठी एवढा आटापिटा कशाला?

जर्सीचं आधी. बिनधास्त घाला. मी चार वेळा गेलोय, टोमण्यांपलीकडे काही मिळालेलं नाही. ‘वचात घरा’ हे मात्र ऐकून घ्यावं लागतं, म्हणजे घरी जा. तुमचं आजोळ सिंधुदुर्गातलं असेल तर त्याच्या पुढचंही सगळं समजतं, आणि तीच खरी पंचाईत. कोलकात्यात किंवा कोचीत लोक आपल्याला काय म्हणतायत ते कळत नाही, म्हणून सोपं जातं.

दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ लागेल.

माझा मामा सावंतवाडीहून नोकरीसाठी मडगावात गेला आणि तिथलाच झाला. मामेभाऊ तिथे वाढला, एफसी गोवाचा कट्टर. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, 2014 साली सुरू झाली तेव्हापासून आमच्या घरात ही मॅच म्हणजे भाऊबंदकी आहे. 17 नोव्हेंबर 2015 आठवतंय? फातोर्ड्यात गोव्याने आम्हाला 7-0 ने धुतलं. डुडूची हॅटट्रिक, हाओकिपची हॅटट्रिक. निकोलस अनेल्का आमचा खेळाडूही होता आणि कोचही. मी डोंबिवलीत टीव्हीसमोर होतो. चौथ्या गोलनंतर आवाज बंद केला, पाचव्यानंतर फोन बंद केला. तरी मामेभावाने आईच्या फोनवर फोन करून ‘आते, तो जेवलो काय?’ असं विचारलंच.

2018 मध्ये पुन्हा तिथेच 5-0. त्या मोसमाच्या सेमीफायनलमध्ये तर त्यांनी अंधेरीत येऊन 5-1 केलं. सेमीफायनल दोन लेगची, म्हणजे दोन्ही मैदानांवर एकेक मॅच आणि गोलांची बेरीज. दुसऱ्या लेगला आम्ही फातोर्ड्यात 1-0 जिंकलो आणि जिंकून स्पर्धेबाहेर पडलो. ती माझी पहिली अवे मॅच. जिंकल्यावर इतकं गप्प बसलेलं पब्लिक मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आम्हीच होतो.

मग 2020 मध्ये आम्हाला झोडपणारा त्यांचा कोच लोबेरा आमच्याकडे आला. त्यांचे खेळाडूही आले: जाहू, बूमूस, फॉल, आणि अस्सल गोंयकार मंदार राव देसाईसुद्धा. मामेभाऊ तीन महिने माझ्याशी धड बोलला नाही. कोविडमुळे तो सगळा मोसम गोव्यात, बंद दाराआड झाला. 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यातच बिपीनने शेवटच्या मिनिटाला गोल मारला, एटीके मोहन बागानविरुद्ध 2-1 झालं आणि आम्ही पहिल्यांदा कप उचलला. रिकाम्या खुर्च्यांसमोर. मामेभावाचं घर स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर. त्याने गच्चीवरून फ्लडलाइटचा फोटो काढून पाठवला, खाली एक अक्षर नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून ठरवलं होतं की या मैदानात आपल्याला काहीतरी मिळेल तेव्हा आपण तिथे हजर असायचं. 2023 च्या फेब्रुवारीत तिथे 5-3 जिंकून आम्ही लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याची ढाल, पक्की केली, तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. साहेबांना फुटबॉल म्हणजे वर्ल्ड कप एवढंच माहीत.

आता 24 एप्रिल 2024. बुधवार. सेमीफायनलचा पहिला लेग.

मंगळवारी रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या पकडली. सकाळी मडगावात उतरलो तेव्हा उकाड्याने जीव चाललेला. मामीने दुपारी बांगड्याची आमटी आणि भात वाढला आणि म्हणाली, ‘पोटभर जेव. हरल्यावर घशाखाली उतरूचा नाय.’ मामेभाऊ म्हणाला, ‘आई, त्याका माहीत आसा.’ एप्रिल म्हणजे हुर्राकचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, सीझन, त्याने बाटली दाखवली आणि परत फ्रिजमध्ये ठेवली. ‘मॅच झाल्यावर. मी जिंकलंय तर दोन, तू जिंकलंस तर एक.’

स्टेडियमला दोघे एकाच स्कूटरवर गेलो. तो नारिंगी, मी मागे आकाशी. सिग्नलला एका बसमधून कोणीतरी ओरडलं, ‘रे, ताका खंय हाडला?’ ह्याला कुठून आणलास! मामेभावाने वळून उत्तर दिलं, ‘पावणो आसा, सोड.’ गेटपाशी आमच्या वाटा वेगळ्या झाल्या.

फातोर्ड्याचं मैदान अंधेरीसारखं नाही. अंधेरीत आपण खेळाडूंच्या जवळजवळ मानगुटीवर बसतो. इथे पूर्वी एकदिवसीय क्रिकेट व्हायचं, त्यामुळे स्टँड गोल आणि मैदान लांब. सुमारे 19,000 लोक मावतात. त्यात आम्ही एका कोपऱ्यात मूठभर, एक ढोल, दोन झेंडे. घरच्या मैदानावर तुमचा आवाज बसला तर दुसरा कोणीतरी ओरडतो. इथे तुम्ही पाणी प्यायला थांबलात तरी आवाज खाली येतो, आणि शेजारचा लगेच बघतो.

पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच गोव्याच्या बोरिस सिंगने गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. ब्रँडन मडगावचाच. त्याच्या गोलला स्टेडियम जे उसळलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, ते घरच्या मुलाने पहिला पगार आणून हातावर ठेवावा तसं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही, हे आमच्या ग्रुपमध्ये मी अजून कबूल केलेलं नाही.

पुढचा अर्धा तास आम्ही कशासाठी ओरडत होतो ते माहीत नाही. बोंबलत होतो एवढं खरं. ढोल वाजवणाऱ्या मुलाच्या अंगठ्याची साल निघाली होती. त्याने रुमाल गुंडाळला आणि पुन्हा सुरू केलं. 85 मिनिटांच्या सुमाराला समोरच्या स्टँडमधून काही लोक उठायला लागले, पार्किंगमधली गर्दी टाळायला. मामेभावाचा मेसेज आला: ‘हुर्राक थंड जालो आसतलो.’

नव्वदाव्या मिनिटाला आमच्या छांगटेने एक परत केला. आम्ही उड्या मारल्या, पण खरं सांगतो, माझ्या मनात एवढंच आलं की चला, 2-1 बरं आहे, सोमवारी अंधेरीत बघू. तेवढ्यात, पुरता एक मिनिटही गेला नसेल, विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली. मी तेव्हा खाली वाकून सांडलेलं पाणी पुसत होतो. दिसलाच नाही गोल. शेजारच्याने मानेला मिठी मारली तेव्हा कळलं.

आणि इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. 3-2.

टीव्हीवर तुम्ही काय पाहिलंत? छांगटे धावतोय, खेळाडूंचा ढीग, रिप्ले, पुन्हा रिप्ले. आम्ही रिप्ले पाहिला नाही. आम्हाला शांतता ऐकू आली. हजारो माणसं आणि त्यात आमच्या बाकावरच्या राखीव खेळाडूंच्या किंकाळ्या स्पष्ट ऐकू येत होत्या, कुठेतरी दूर पडलेल्या खुर्चीचा खटका ऐकू आला. आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. घरच्या मैदानावर गोल झाला की तुम्ही त्या आवाजात विरघळून जाता, स्वतःचं ओरडणं कानावर पडत नाही. अवे मॅचला ते पडतं. आपण किती कर्कश आहोत तेही कळतं.

शिट्टी वाजल्यावर पोलिसांनी आम्हाला थोडा वेळ थांबवून ठेवलं. बाहेर पडलो तेव्हा रस्त्यावर नारिंगी गर्दी, कोणी बोलत नव्हतं. एका माणसाच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांचा मुलगा झोपला होता, बहुतेक 2-0 असतानाच झोपला असावा. हॉर्नने तो जागा झाला आणि विचारलं, ‘पप्पा, आमी जिखले न्ही?’ आपण जिंकलो ना? बाप म्हणाला, ‘न्हिद, बाबा, न्हिद.’ झोप. मी जर्सीवर शर्ट चढवला. भीतीने नव्हे.

हे टीव्हीवर दाखवत नाहीत, म्हणून जायचं. तिथे तुम्हाला तुमचा संघ जिंकताना दिसतोच, पण समोरचा हरताना जवळून दिसतो, आणि तो समोरचा फार अनोळखी नसतो.

आता कामाचं. मॅच साडेसातची असेल तर संपून बाहेर पडायला दहा वाजतात. कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच सुटते, तेव्हा परतीला तिचा उपयोग नाही. रात्रीच्या बसच्या भरवशावर राहू नका, मुक्काम करा आणि सकाळची मांडवी धरा, दिवस जातो पण वडे-भजी-कटलेट खात कोकण बघत येता. तिकीट काढताना पाहुण्या संघाचा स्टँड कोणता ते नीट बघा, यजमानांच्या स्टँडात आकाशी जर्सी घालून बसणं उगीच आगाऊपणा आहे. पाण्याची बाटली, पॉवर बँक, नाणी गेटवर काढून घेतात, घरीच ठेवा. मॅचच्या आधी भरपेट खाऊ नका असं काही जण सांगतील. मामीचं ऐका. नंतर गाड्यावर रॉस आमलेट, म्हणजे रस्सा घातलेलं आमलेट, मिळतं, ते हरलात तरी उतरतं.

त्या रात्री मामेभाऊ कदंबा बसस्टँडजवळच्या गाड्यापाशी स्कूटर लावून उभा होता. दोन प्लेटी रॉस आमलेट सांगून ठेवली होती. खाऊन होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. पाव संपल्यावर माझ्या प्लेटमधला रस्सा त्याने आपल्या पावाने पुसून घेतला, लहानपणी करायचा तसा. घरी जाऊन एकच बाटली काढली, ठरल्याप्रमाणे.

सोमवारी, 29 तारखेला, अंधेरीत आम्ही 2-0 जिंकलो. 4 मे ला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून कपही आणला, आपल्या राहुल भेकेच्या कप्तानीत. मामेभावाला अंधेरीला बोलावलं होतं, तिकीटही काढून ठेवलं होतं, आला नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यानंतर ब्रँडन फर्नांडिस गोवा सोडून मुंबई सिटीत आल्याची बातमी फुटली. मी काही बोलणार त्याआधी त्याचाच मेसेज आला: ‘ताका सांबाळ रे.’