पॅकेजिंगच्या रेपोत डिफॉल्ट ब्रांच कुठली ठेवावी?

तुम्ही विचारलंय की डेबियन (लिनक्सचं एक वितरण) पॅकेजचा नवीन रेपो, म्हणजे गिटमधलं कोडचं भांडार, काढताय तर डिफॉल्ट ब्रांच, म्हणजे रेपो उघडल्यावर आधी दिसणारी शाखा, मास्टर ठेवू, मेन ठेवू की डेबियन/लेटेस्ट. माझं मत विचाराल तर डेबियन/लेटेस्ट, डोळे झाकून.

मास्टर की मेन हा वाद इथे मुळात गैरलागू आहे. २०२० मध्ये गिटहबने नवीन रेपोंसाठी मेन केलं, ठीकच आहे, पण पॅकेजिंगच्या रेपोत दोन बिऱ्हाडं राहतात, एक मूळ प्रोजेक्टवाल्यांचं आणि एक आपलं, ज्यात पॅकेज बनवायच्या सूचनांचं ते डेबियन नावाचं फोल्डर असतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन जोशी असले आणि दोघांच्या दारावर नुसतं 'जोशी' असलं की पोस्टमन काय करणार? नुसतं 'मेन' म्हटलं की ती कोणाची, तेच होतं.

हिंजवडीला आधीच्या ऑफिसात आम्ही हाच घोळ घातला होता. डिफॉल्ट मूळ प्रोजेक्टची मेन, पॅकेजिंग दुसऱ्याच ब्रांचवर. नवीन मुलाने क्लोन केलं (रेपोची प्रत उतरवली), डेबियन फोल्डर दिसेना, त्याला वाटलं अजून कोणी केलंच नाहीये, पठ्ठ्याने दिवसभर बसून कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग या त्यातल्या फाइल्स सगळ्या नव्याने लिहिल्या आणि संध्याकाळी चहाला विचारतो, रिव्ह्यू करता का 😅 चूक त्याची नव्हती.

डेबियनची डेप-१४ नावाची शिफारस आहे, तीत हेच आहे, आधी वितरणाचं नाव मग तिरकी रेघ मग पुढचं. मूळ कोड अपस्ट्रीम/लेटेस्टवर. उद्या उबुंटूसाठी वेगळं काही करावं लागलं तर उबुंटू/लेटेस्ट शेजारी काढायची, कोणाला धक्का नाही.

फक्त नाव ठेवून भागत नाही, डेबियन फोल्डरमधल्या जीबीपीच्या (गिटमधून पॅकेज बनवणारं टूल) कॉन्फ फाइलमध्ये दोन्ही ब्रांचची नावं लिहा, नाहीतर बिल्ड करताना ते 'तुम्ही या ब्रांचवर नाही' म्हणून ओरडतं आणि मग लोक इग्नोर-ब्रांच लावून वेळ मारून नेतात, तो ऑप्शन मला अजिबात आवडत नाही. आणि हो, नुसत्या 'डेबियन' नावाची ब्रांच आधीच असेल तर डेबियन/लेटेस्ट बनणारच नाही, गिटला एकाच नावाची फाइल आणि फोल्डर दोन्ही चालत नाही तसलाच प्रकार, आधी जुनीचं नाव बदला.

सर्व्हरवर डिफॉल्ट बदललं तरी टीमच्या जुन्या क्लोनमध्ये ओरिजिन/हेड (सर्व्हरची डिफॉल्ट ब्रांच कुठली याची नोंद) जुनंच दाखवतं, प्रत्येकाला एकदा git remote set-head origin --auto ही कमांड मारायला लावा.