खोबरं, चांगभलं आणि निष्ठा

कोल्हापुरातल्या एका वाचकांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. हवा पाहून पक्ष बदलणाऱ्याला आपल्याकडे ‘जिकडं खोबरं तिकडं चांगभलं’ म्हणतात, पण छापील म्हणींत ‘जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो’ सापडते. यातली खरी कोणती? आणि अशा माणसाच्या उलट जो असतो, त्याला ‘निष्ठावंत’ म्हणावे की ‘तत्त्वनिष्ठ’?

दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. ‘उदो उदो’ हा देवीचा गजर, अंबाबाईच्या दारात रोज कानावर पडणारा. ‘चांगभलं’ कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरल्या जोतिबाचं. तिथे चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात आणि भाविक गुलाल-खोबरं उधळतात. त्यामुळे कोल्हापूरकराच्या तोंडी घुगऱ्यांच्या जागी खोबरं आलं यात नवल नाही. निवडणुकीच्या निकालादिवशीही इथे ‘गुलाल कुणाचा?’ असंच विचारतात. गजर आणि गुलाल दोन्ही देवळातून राजकारणात आले, तेव्हा म्हणही त्यांच्याबरोबर आली तर ते साहजिकच आहे.

‘उदो’ म्हणजे उदय, आणि ‘चांगभलं’मध्ये तर ‘चांग’ आणि ‘भलं’ दोन्ही शब्द शुभच. म्हण ना देवाला नावं ठेवते, ना गजराला. तिचा सगळा रोख ‘जिकडं-तिकडं’ या जोडीवर आहे. गजर तोच राहतो आणि ओरडणारा मात्र जागा बदलतो. हे नीट लक्षात घेतलं की ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण पक्ष बदलणाऱ्याला का लावू नये तेही कळतं. पोळीवाला एका अन्नदात्याला धरून असतो. तीही एक निष्ठाच आहे, फक्त ती माणसावर आहे.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘निष्ठा’ शब्द नि आणि स्था यांपासून झाला: ठामपणे उभं राहणं. उभं राहायचं म्हटलं की पायाखाली काहीतरी लागतं, म्हणून निष्ठेला ‘कशावर?’ हा प्रश्न चिकटलेलाच असतो. ‘व्यक्तिनिष्ठ’, ‘पक्षनिष्ठ’, ‘तत्त्वनिष्ठ’ हे समास त्याचं उत्तर देतात. ‘निष्ठावंत’ देत नाही. तिकीटवाटपाच्या दिवसांत ‘निष्ठावंतांना डावलले’ असा मथळा येतो, तेव्हा अर्थ एवढाच की हा माणूस बरीच वर्षं त्याच पक्षात होता. त्याने तिथे राहून काय धरून ठेवलं, हे त्या शब्दात येत नाही. मला ही शब्दाची मोठी हानी वाटते.

आपल्या शहरात हा फरक पुसट होण्याचं एक चांगलं कारणही आहे. प्रा. एन. डी. पाटील 2022 मध्ये इथेच वारले; शेतकरी कामगार पक्ष त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. सहकारमंत्री झाले, कोल्हापूरचे आमदार झाले, ऐंशी ओलांडल्यावर टोलविरोधी आंदोलनात पुढे उभे राहिले. पक्ष आक्रसत गेला तरी ते तिथेच होते. अशा माणसात पक्षनिष्ठा आणि तत्त्वनिष्ठा वेगळ्या करून दाखवताच येत नाहीत, आणि मग भाषाही त्यांना एकच समजू लागते.

पण त्या वेगळ्या होऊ शकतात. आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे समाजवादी सहकारी 1948 मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी संयुक्त प्रांताच्या (आजच्या उत्तर प्रदेशाच्या) विधिमंडळातल्या जागांचेही राजीनामे दिले. आपण त्या पक्षाच्या नावावर निवडून आलो, तर पुन्हा मतदारांकडे जावं, ही त्यांची भूमिका. पोटनिवडणुकीत नरेंद्र देव हरले. पक्ष त्यांनीही सोडला, पण त्यांना घुगऱ्यांची म्हण लावायला कोण धजेल?

‘पक्षांतर’ हा शब्द म्हणूनच निवाडा करत नाही. स्थलांतर, भाषांतर तसंच पक्षांतर: एकाच्या जागी दुसरा. निंदा हवी असेल तर ‘आयाराम-गयाराम’ आहे. हरियाणाचे आमदार गयालाल यांनी 1967 मध्ये पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यावरून तो हिंदीत रुळला आणि तिथून मराठीत आला. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली, पण तो कायदाही पक्ष आणि त्याचा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेशच पाहतो. तत्त्व त्याच्या कक्षेत येत नाही.

तेव्हा तुमच्या वाक्यातला माणूस नुसता पक्षात टिकला असेल तर ‘पक्षनिष्ठ’ लिहा, नेत्यामागे गेला असेल तर त्या नेत्याचं नाव घेऊन ‘अमक्यांचा निष्ठावंत’. विचारासाठी त्याने काही गमावलं असेल, मग तो पक्षात असो वा बाहेर, तरच ‘तत्त्वनिष्ठ’. हा शब्द लिहिताना त दोनदा, कारण तो तत् + त्व असा आहे. ‘तत्वनिष्ठ’ हे सर्रास दिसत असलं तरी चूक आहे. ‘चांगभलं’ मात्र अनुस्वारासकट, बोलतो तसंच लिहा; ‘चांगभले’ केलं की जोतिबाचा डोंगर त्यातून निघून जातो.