त्यांना कुणी विचारलं का?

प्रिय मनू,

काल जेवताना तू विचारलंस, "आई, आपण कोळी नाही ना? मग मी त्यांचे कपडे घालून त्यांचा नाच शाळेत का करायचा? त्यांना कुणी विचारलं का?" मी म्हटलं, "अगं, आम्ही सगळ्यांनीच केलाय तो," आणि तुझ्या ताटात न मागता भात वाढला. हे काही उत्तर नव्हे, ते तुलाही कळलं. बाबांनी तर मान वरसुद्धा केली नाही.

तुमच्या कल्चर डेला कोळीनृत्य कर, हे मीच हौसेनं सुचवलं होतं. मामाला दादरहून ड्रेस घेऊन ठेवायलाही सांगितलं होतं. त्यामुळे तुझा प्रश्न जरा लागला, खोटं कशाला बोलू? मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मी लगेच व्याख्यान द्यायला लागते. कुठे अडलीस तर बाबांना विचार. मला विचारशील तर मी आणखी चार गोष्टी सांगत बसेन.

तू बघितलंस ते गिरगावातलं घर आताचं, लिफ्टवालं. त्याच जागी आमची चाळ होती आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. शाळेच्या गॅदरिंगची तालीम दिवाळीची सुट्टी संपली की सुरू व्हायची. कार्यक्रम दर वर्षी तोच. एक देशभक्तीचं गाणं, एक शेतकरी नाच, एक कोळीगीत आणि शेवटी नाटक. कोळीगीत कुठल्या वर्गाला मिळणार यावरून भांडणं होत, कारण टाळ्या त्यालाच पडायच्या. आमच्या वर्गाला मिळालं तेव्हा मी सहावीत होते. मुलांना कमरेला चौकड्यांचा तिकोनी रुमाल आणि डोक्याला लाल टोपी. पण सगळे लाजले, म्हणून रुमाल हाफपँटवरच बांधले. प्लायवूडच्या वल्ह्यांना चंदेरी कागद. मुलींच्या टोपल्यांत पुठ्ठ्याचे मासे, डिंकानं चिकटवलेले. लुगडी ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं. कार्यक्रम साहित्य संघात होता आणि पडदा वर गेला तेव्हा पोटात जे झालं ते मला अजून आठवतं.

कोळीगीतच का, हा प्रश्न तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. आता वाटतं, सोयीचं होतं म्हणून. लावणीचं नाव काढायची सोय नव्हती. तुझ्या पणजीनं रेडिओसुद्धा बंद केला असता. लालबागला हनुमान थिएटरात तमाशा लागायचा, ट्रॅमच्या काळापासून लोक तिथे जायचे, पण ते पुरुषांनी आणि तेही घरी न सांगता. मुलींना उत्साहानं कंबर हलवता येईल आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनाही संकोच वाटणार नाही, असं कोळीगीत एकच होतं. तशी मला पणजीनं भरतनाट्यमच्या क्लासलाही घातलं होतं. तो नाच तर पार तमिळ मुलखातला, पण त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. (तंजावरला भोसल्यांच्या घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारात त्या नाचाची घडी बसवणारे चौघे भाऊ होते, असं आमच्या बाई अभिमानानं सांगायच्या. म्हणजे आपलं थोडं नातं निघतंच. माणसाला हवं असलं की नातं निघतं.)

पण तुला खरं सांगायचंय ते गॅदरिंगच्या दिवशी सकाळचं.

आमच्याकडे मासे घेऊन एक कोळीण मावशी यायच्या. वरळी कोळीवाड्याच्या. पहाटे ससून डॉकवर लिलावात माल घ्यायचा आणि तिथून गिरगावात दारोदार. सोमवार, गुरुवार आणि श्रावण सोडला तर रोज जिन्यातून हाक यायची. पणजी दारातच पाटावर बसून पापलेटाचे कल्ले उघडून बघणार, "कालचं आहे हे," म्हणणार, मावशी "तुज्या डोल्याला कालचं दिसतंय गो," म्हणणार. मग पाऊण तास घासाघीस. दोघी वर्षानुवर्षं भांडत होत्या आणि एखादा दिवस मावशी आल्या नाहीत तर पणजी बेचैन व्हायची.

त्या सकाळी मी लुगडं नेसून सगळ्यांना दाखवत फिरत होते. मावशी वर आल्या, मला बघितलं, टोपली खाली ठेवली आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग मला जवळ ओढून, "असं कोन नेसतं गो?" म्हणत कासोटा सोडला आणि पुन्हा घातला. घट्ट, गुडघ्याच्या वर, पोटऱ्या मोकळ्या. "व्हरीत चढायचं तर पाय मोकला पायजे." मला मिरवायचं होतं आणि त्या मला होडीत चढवत होत्या. त्यांच्या हाताचा वास दिवसभर त्या लुगड्याला येत राहिला. मला तो आवडला होता. ड्रेपरीवाल्यानं पाच रुपये जास्त लावले.

त्या हसल्या त्या कौतुकानं की कीव येऊन, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुझा प्रश्न ऐकला आणि पहिलं ते हसू आठवलं.

दुसरी गोष्ट तुझ्यापासून लपवावी असं वाटत होतं. मावशींना रोज चहा मिळायचा. पण त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला, दाराबाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला. मासळीचा वास लागतो, असं पणजी सांगायची. त्याच मासळीची आमटी आम्ही आत बसून बोटं चाटून खायचो. त्यांचं लुगडं मला चाललं, त्यांच्या हाताचे बोंबील चालले, पण कप उंबऱ्याच्या आत आला नाही. पणजीनंच मावशींच्या मुलाच्या आजारपणात दागिना गहाण ठेवून पैसे दिले होते, हेही तितकंच खरं आहे. आता हे दोन्ही एकाच बाईच्या नावावर कसं मांडायचं, ते मला येत नाही. तू पणजीला फक्त फोटोत पाहिलंस, म्हणून घाईनं निकाल देऊ नकोस, एवढंच मागते. दिलास तरी मी भांडणार नाही.

त्या मुलाच्या हळदीला मावशींनी आम्हाला बोलावलं. पणजी गेली नाही, पण तुझी आजी मला घेऊन गेली. बसनं अर्धा-पाऊण तास. तेवढ्या अंतरावर राहून आमच्या चाळीतलं कुणी कोळीवाड्यात गेलं नव्हतं. बोळ इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं कडेला व्हायचं. भिंतींवर वाळत टाकलेली जाळी, गोल्फादेवीचं देऊळ, पलीकडे किल्ला आणि मग एकदम समुद्र. मांडवात एक म्हातारी धवलारीण बसून एकटीच गात होती, वाद्य नाही की काही नाही. लग्नाचं प्रत्येक पाऊल तिच्या गाण्यावर चालायचं म्हणे. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती थांबली की सगळे थांबत होते.

मग बँड सुरू झाला आणि बायका उठल्या. मावशीसुद्धा. गळ्यात एवढं सोनं की मी ओळखलंच नाही. ज्या हातांनी त्यांना फक्त खवले काढताना पाहिलं होतं ते हात कमरेवर, दोन पावलं पुढे, एक मागे, किंचित वाकून, पुन्हा पुढे. वल्हं नाही, टोपली नाही, पुठ्ठ्याचा मासा नाही. कोणी बघणाऱ्यांकडे तोंड करून हसत नव्हतं, कारण बघणारं कुणी नव्हतंच. आम्ही दोघीच काय त्या कडेला उभ्या. मावशींनी मला हात धरून आत ओढलं. मी गॅदरिंगमधली पावलं टाकायला लागले तशी एका मुलीनं कोपरानं ढोसलं आणि पायाकडे बघ अशी खूण केली. मग मी तिच्या पायांकडे बघून नाचले. बरं नाचले की नाही कोण जाणे. रात्री उशिरा निघालो तेव्हा मावशींनी आजीला एका डब्यात तळलेला सरंगा दिला.

तेव्हा तू विचारतेस तसं आम्ही त्यांना विचारलं होतं का, तर नाही. पण एकदा मला बोलावणं आलं होतं. हे दोन्ही सारखं नाही, मला कळतं. बोलावणं मला आलं होतं, आमच्या शाळेला नव्हे, आणि तुमच्या शाळेच्या हॉलमधल्या स्टेजला तर नव्हेच.

बाबा काल का गप्प बसले ते आज त्यांनी सांगितलं. त्यांचे आजोबा परळला गिरणीत होते आणि गौरी-गणपतीला रत्नागिरीकडे गावी जाऊन जाखडी नाचायचे. मध्ये गाणारा आणि ढोलकीवाला, भोवती पायांत घुंगरू बांधून गोल फिरणारे, शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना कोडी घालणारे, रात्रभर. मुंबईत त्याला बाल्या डान्स म्हणत आणि नाटकांतून, नकलांतून त्या कोकणी गड्यांची टिंगल व्हायची. बाबांना लहानपणी तसल्या नकलेला वर्गात सगळ्यांबरोबर हसावं लागलं होतं. ते म्हणाले, "जाखडी कुणीही नाचो, मला आनंदच होईल. पण हसवायला नाचला तर मी उठून जाईन." मला हे पटलं. तुझं पूर्ण समाधान होईल असं वाटत नाही, कारण आपण हसवतोय की नाही हे नाचणाऱ्याला कुठे कळतं?

आणि एक सांगते, हे मी तुझ्या वयाची असताना मला कुणी सांगितलं नाही. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळीभात आणि राखी, म्हणजे माझ्या लेखी तो भाताचा आणि ओवाळणीचा सण. तिकडे वरळीला त्याच दिवशी समुद्राला नारळ देऊन पावसाळ्यात ओढून ठेवलेल्या होड्या पाण्यात घालायची तयारी. आता सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस असते, पण जुन्या रीतीनं नारळ दिल्याशिवाय होडी काढायची नाही. ज्या मुंबादेवीवरून आपल्या गावाला नाव मिळालं, ती मुळात कोळ्यांचीच. म्हणजे मी त्यांच्या गावात वाढले आणि त्यांच्याच सणाला गोड भात खाल्ला. तू फक्त लुगड्याचं विचारलंस. मी काय काय परत करायला घेऊ?

कपड्यापेक्षा जास्त टोचणारं काही हवं असेल तर हे वाच. वरळीला कोस्टल रोडचा पूल सी लिंकला जोडायचं ठरलं तेव्हा त्याच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. कोळी म्हणाले, वारा असताना एवढ्यातून होडी जायची नाही, आपटेल. ते किती वर्षं सांगत राहिले, काम अडवलं, तेव्हा कुठे २०२२च्या अखेरीस १२० मीटर मान्य झालं. त्यांना त्याहून जास्त हवं होतं. हे चालू असताना मुंबईतल्या किती शाळांच्या गॅदरिंगमध्ये चंदेरी वल्ही हलली असतील! "त्यांना कुणी विचारलं का?" हे तिथे विचारायला हवं होतं, असं मला वाटतं. पण हे म्हणणं म्हणजे तुझा प्रश्न टाळणं आहे का, अशीही शंका येते. तू सांग.

कल्चर डेचं तू ठरव. मी मामाला ड्रेस परत करायला सांगितलेला नाही, पण तो इथे मागवतही नाही. नाचायचंच असेल आणि दुसरं काही हवं असेल तर फुगडी आहे, ती आजीची, पणजीची, तिच्याबद्दल कुणी भांडणार नाही. मात्र तिला दोघी लागतात आणि माझे गुडघे तुला माहीतच आहेत. काहीच नको असेल तर टीचरना तसं कळवू, मी रुसणार नाही. (थोडी रुसेन. तिकडे लक्ष देऊ नकोस.)

ऑगस्टमध्ये आपण मुंबईत आहोतच. नारळी पौर्णिमेला वरळीला जाऊ, पण कॅमेरा घेऊन नाही, आणि तुला यायचं असेल तरच.

मावशी आता नाहीत. ज्या सुनेची ती हळद होती ती चिराबाजारात बसते, मामा तिच्याकडूनच मासे घेतो. मी त्याला निरोप दिलाय, शनिवारी गेलास की मनूचा प्रश्न तिला जसाच्या तसा विचार. इथल्या शाळेत एका बिगरकोळी मुलीनं तुमचं लुगडं नेसून नाचलेलं तुम्हाला चालेल का? ती काय म्हणेल ते तुला कळवीन. शिवी दिली तरी गाळणार नाही.

तुझी,
आई