खासगी कंपन्यांमुळे अंतराळप्रवास सामान्यांच्या आवाक्यात येईल का?

येत्या वीस वर्षांत मध्यमवर्गीय माणसाला अंतराळात जाता येईल का आणि त्यासाठी आतापासून पैसे बाजूला काढून ठेवावेत का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ आहे आणि दुसऱ्याला ‘मुळीच नाही’. विमानप्रवाससुद्धा एके काळी श्रीमंतांचाच होता, असा दाखला आपण सोबत जोडला आहे. तो वाचून मला लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण नेमक्या याच दाखल्यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षे वाद चालला आहे.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. माझे धाकटे दीर यंत्र अभियंता. ४ ऑक्टोबर २००४ रोजी विमानांचे आराखडे करणारे बर्ट रुटन यांच्या ‘स्पेसशिपवन’ या खासगी यानाने ठरलेल्या दोन आठवड्यांच्या मुदतीत दुसऱ्यांदा १०० किलोमीटरची, म्हणजे अंतराळाची सीमा मानली जाणारी उंची ओलांडून, खासगी यानांसाठी ठेवलेले एक कोटी डॉलरचे अन्सारी एक्स प्राइझ जिंकले, तेव्हापासून भाऊजींच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. राइट बंधू १९०३ मध्ये उडाले आणि १ जानेवारी १९१४ रोजी फ्लोरिडात तिकीट काढलेला प्रवासी घेऊन पहिले नियमित विमान सुटले, म्हणजे अवघी दहा वर्षे लागली, हा त्यांचा मुद्दा. गागारिन १९६१ मध्ये जाऊन आला तरी स्वतःचे पैसे भरून जाणाऱ्या डेनिस टिटो यांना २००१ पर्यंत थांबावे लागले, ते केवळ सरकारी कारभारामुळे, असेही ते ठामपणे सांगत.

पुढे काही वर्षांनी त्यांनी एका परदेशी कंपनीकडे आगाऊ रक्कम भरायचे ठरवले. कंपनीचे नाव घेत नाही. तिचे रॉकेट-विमान तेव्हा अर्धवट सांगाड्याच्या अवस्थेत होते. करारपत्राची छापील प्रत घेऊन ते आमच्याकडे आले, ते अर्थातच माझा सल्ला घ्यायला नव्हे, तर मला दाखवायला. मी ती पहिल्या कलमापासून वाचली. उड्डाणाची तारीख कुठेच नव्हती. एक ‘अपेक्षित वर्ष’ होते, त्यावर तारांकन होते आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ते वर्ष कंपनीवर बंधनकारक नसल्याचे लिहिले होते. रक्कम परत मिळण्याविषयी तीनच ओळी होत्या. प्रवासी दगावल्यास वारसांनी दावा करू नये याविषयी मात्र दीड पान खर्ची घातले होते. वजनाची मर्यादाही होती आणि भाऊजी तिच्यात बसत नव्हते. मी तसे बोलून दाखवल्यावर ते म्हणाले, “वहिनी, वजन कमी करता येतं. तुमचा संशयी स्वभाव कोण कमी करणार?” सगळे हसले, आमचे यजमानसुद्धा. ते हसणे माझ्या जिव्हारी लागले, हे मी लपवत नाही.

मी पेन्सिल मागवली आणि त्याच करारपत्राच्या कोऱ्या पाठीवर गणित मांडले. एक किलो वस्तुमान १०० किलोमीटर उंच नेण्यासाठी सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा पुरते. तेच वस्तुमान पृथ्वीभोवती फिरत ठेवायचे असेल तर त्याला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग द्यावा लागतो आणि नुसत्या त्या वेगाची ऊर्जाच तीन कोटी ज्यूल भरते. म्हणजे वर जाऊन लगेच खाली येणे आणि वर राहणे यांत तीसपटीचे अंतर आहे. शिवाय उतरताना ही सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून द्यावी लागते. स्पेसशिपवन पंखांचा मागचा भाग वर दुमडून शटलकॉकसारखे सुखरूप खाली आले, कारण त्याचा वेग मुळात ध्वनीच्या सुमारे तिप्पटच होता. कक्षेतून परतणारे यान ध्वनीच्या पंचवीसपट वेगाने वातावरणात शिरते आणि तिथे उष्णतारोधक कवचाशिवाय निभाव लागत नाही. त्यामुळे छोटे यान हळूहळू सुधारत नेऊन त्याचेच मोठे यान होईल, ही कल्पनाच चुकीची आहे.

“हे गणित राइट बंधूंनाही कुणीतरी दाखवलंच असणार,” इति भाऊजी. आपणही कदाचित हेच म्हणाल, म्हणून उत्तर देते. विमानाला उचलून धरणारी हवा बाहेर आयती असते आणि इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजनही त्याच हवेतून मिळतो. रॉकेटला ऑक्सिजनसुद्धा स्वतःबरोबर वाहून न्यावा लागतो. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ५५० टन असते आणि रॉकेट परत आणण्याचा विचार सोडून दिला, तरी ते पृथ्वीजवळच्या कक्षेत २३ टनांपेक्षा कमी भार पोहोचवते. हे प्रमाण कोणाच्या आळशीपणामुळे आलेले नाही, त्यामुळे ते खासगी उत्साहाने बदलणारेही नाही.

आता किमतींकडे पाहा. विमानाचे तिकीट काळाबरोबर उतरत गेले. इथे उलट घडले आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर जाण्यासाठी टिटो यांनी सुमारे दोन कोटी डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. २०२२ मध्ये ॲक्सिअम कंपनीतर्फे त्याच अंतराळस्थानकावर गेलेल्या प्रवाशांसाठी हा आकडा माणशी साडेपाच कोटी डॉलर होता, आणि मधल्या काळातली महागाई वजा केली तरी ही वाढच ठरते. व्हर्जिन गॅलक्टिकचे तिकीट आरंभी दोन लाख डॉलर होते, २०१३ मध्ये ते अडीच लाखांवर आणि २०२१ मध्ये साडेचार लाखांवर गेले. हे तिकीट तर कक्षेचे नव्हे, काही मिनिटांच्या वजनविरहित अवस्थेचे. २००७ च्या सुमारास प्रवासी नेऊ असे म्हणणाऱ्या या कंपनीचे पहिले व्यावसायिक उड्डाण जून २०२३ मध्ये झाले आणि वर्षभरातच ते यान निवृत्त करण्यात आले. मधल्या काळात, ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी, चाचणीदरम्यान पंखांच्या दुमडत्या भागाचे कुलूप वेळेआधी उघडले गेल्याने कंपनीचे आधीचे यान हवेतच मोडले आणि सहवैमानिक मरण पावला.

भाऊजींचा हुकमी एक्का म्हणजे जॉन गुडविन. या माजी ऑलिंपियनने २००५ मध्ये व्हर्जिन गॅलक्टिकचे तिकीट घेतले, पुढे पार्किन्सनचे निदान झाले, तरी ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ते जाऊन आले. मला त्यांचा आनंद खरा वाटतो आणि चिकाटीचे कौतुकही आहे. पण एवढी रक्कम अठरा वर्षे अडकवून ठेवणे ज्याला परवडते, तो आपल्या प्रश्नातला मध्यमवर्गीय माणूस नव्हे. त्याच उड्डाणात गेलेल्या मायलेकींची जागा सोडतीत मिळालेली होती. पैसेवाला किंवा नशीबवान, यांपलीकडचा प्रवासी मला अजून दिसलेला नाही.

भाऊजींच्या रकमेचे काय झाले, ते आपण ओळखलेच असेल. कंपनी बुडाली. कंपनीकडून पैसे येणे असलेल्यांच्या यादीत आगाऊ रक्कम भरणाऱ्यांचा क्रमांक इतका खाली होता की त्यांच्यापर्यंत काहीच आले नाही. १९६८ मध्ये अपोलो ८ यान माणसांना चंद्राभोवती फिरवून आणल्यानंतर पॅन ॲम या अमेरिकी विमानकंपनीने चंद्रप्रवासासाठी ९० हजारांहून अधिक लोकांची नावे नोंदवून घेतली होती, पण निदान तिने त्यापोटी पैसे तरी घेतले नव्हते. म्हणून, कोणाकडे रक्कम भरायचीच असेल, तर ती उड्डाण होईपर्यंत त्रयस्थाच्या खात्यात राहणार आहे का, एवढे लेखी विचारा. लेखी उत्तर आले नाही, तर पैसे भरू नका.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. डिसेंबर २०१५ पासून फाल्कन ९ चा पहिला टप्पा, म्हणजे खालचा मोठा भाग, परत उतरू लागला आणि त्यामुळे उपग्रह पाठवण्याचा खर्च खरोखरच कमी झाला. मोठी, पूर्णपणे पुन्हा वापरता येणारी रॉकेट यशस्वी झाली, तर माझ्या ‘नाही’ची मुदत वीस वर्षांनंतर संपूही शकेल. मात्र उपग्रहाला श्वास घ्यावा लागत नाही आणि तो फुटला तर विमा मिळतो, हा फरक ध्यानात ठेवावा.

आणि आपल्याला केवळ तरंगण्याचाच अनुभव हवा असेल, तर विमान कमानीसारख्या मार्गाने नेऊन दर खेपेस वीसेक सेकंद वजनविरहित अवस्था देणारी उड्डाणे अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये उपलब्ध आहेत. तीही महागच आहेत, पण त्यांचे तिकीट रॉकेटच्या तिकिटाच्या लहानशा अंशात येते. भाऊजींना मी हेच सुचवले होते, तर त्यांनी ते ‘नकली’ म्हणून झिडकारले. चारशे किलोमीटरवरच्या स्थानकातही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते आणि तिथले तरंगणे म्हणजेसुद्धा सतत पडत राहणेच असते, हे मी त्यांना अद्याप पटवू शकलेले नाही.