गाडीतून उतरताना बसणारा विजेचा झटका कसा टाळावा?

आपला प्रश्न असा आहे की, कोरड्या हवेच्या दिवसांत गाडीतून उतरून दार लावायला गेले की बोटाला चटकन झटका बसतो; हा गाडीच्या वायरिंगमधील दोष आहे का आणि तो टाळायचा कसा. गाडीत दोष नाही; हा झटका आपल्या अंगावर साठलेल्या स्थिर विजेचा असतो. झटका टाळण्याचा उपाय मात्र अगदी साधा आहे. सीटवरून उठण्यापूर्वी दाराच्या चौकटीचा धातूचा भाग हाताने धरावा आणि दोन्ही पाय जमिनीवर टेकून पूर्ण उभे राहीपर्यंत तो सोडू नये. माझी मुलगी लहान असताना या झटक्याला इतकी घाबरू लागली होती की गाडीचे दार लावायला ती तयारच होत नसे. तिला ही एक सवय लावली आणि काही दिवसांतच तिची भीती गेली. म्हणूनच हे उत्तर थोडे सविस्तर लिहितो आहे, कारण हा उपाय अनेकांनी ऐकलेला असतो, पण तो उठल्यानंतर करतात आणि मग उपयोग होत नाही अशी तक्रार करतात.

झटका नेमका उतरतानाच का बसतो, हे समजले की हात आधी का धरायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. आपले कपडे आणि सीटचे कापड हे दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकलेले असतात, आणि प्रवासभर अंगाच्या हालचालीने घासलेही जातात. अशा संपर्कात एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर थोडे इलेक्ट्रॉन जातात. लोकर आणि नायलॉन सहसा धन प्रभारित होतात, पॉलिएस्टर आणि पीव्हीसी सहसा ऋण, तर सुती कापड या क्रमात साधारण मध्यावर राहते. आपण बसलेले असेपर्यंत कपड्यांवरचा प्रभार आणि सीटवरचा विरुद्ध प्रभार एकमेकांना चिकटून असल्याने त्यांचा बाहेर काही परिणाम जाणवत नाही. आपण उठतो तेव्हा हे दोन प्रभार ओढून दूर केले जातात. प्रभार तेवढाच राहतो, पण अंतर वाढताच धारकता (ठरावीक व्होल्टेजला प्रभार साठवण्याची क्षमता) घटते आणि म्हणून व्होल्टेज झपाट्याने चढते. उठण्यासाठी आपले स्नायू जे काम करतात, त्याचाच एक अंश या व्होल्टेजच्या रूपाने अंगावर साठतो. बुटांचे तळ रबराचे किंवा तत्सम विद्युतरोधक असतील तर हा प्रभार जमिनीत जाऊ शकत नाही आणि पहिल्याच धातूच्या स्पर्शाची वाट पाहतो.

हे व्होल्टेज किती असते, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. साधारण 3,000 व्होल्टच्या खाली माणसाला ठिणगी सहसा जाणवतच नाही, आणि कोरड्या हवेत गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर 10,000 व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असू शकतात. हवेतून एक मिलिमीटर उडी मारायला ठिणगीला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात, त्यामुळे बोट दाराला टेकण्याआधीच ती उडते. तरीही यातून इजा होत नाही, कारण मानवी शरीराची धारकता 100 ते 200 पिकोफॅरॅड (धारकतेचे अतिशय लहान एकक) एवढी अल्प असते. 150 पिकोफॅरॅड आणि 10,000 व्होल्ट धरले तर एकूण ऊर्जा साडेसात मिलिज्यूल (मिलिज्यूल म्हणजे ज्यूल या ऊर्जेच्या एककाचा हजारावा भाग) भरते आणि ती एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात संपते. वेदना होते ती सगळा प्रवाह बोटाच्या टोकावरील एका सूक्ष्म बिंदूतून जातो म्हणून, आणि तेथे मज्जातंतूंची टोके दाट असतात म्हणून.

आता वायरिंगविषयी. पेट्रोल किंवा डिझेल गाडीची बॅटरी 12 व्होल्टची असते आणि तेवढ्या व्होल्टेजचा झटका कोरड्या त्वचेला जाणवत नाही. शिवाय आपला झटका एकदाच बसतो आणि लगेच पुन्हा हात लावला तर काहीच होत नाही, हे स्थिर विजेचे ठळक लक्षण आहे. याउलट, विजेवर चालणारी गाडी चार्जिंगला लावलेली असताना तिच्या धातूला हात लावल्यावर सतत झिणझिण्या येत असतील, तर तो प्रकार पूर्णपणे वेगळा आणि धोक्याचा समजावा. अशा वेळी गाडीला पुन्हा हात न लावता मुख्य स्विच बंद करावा आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय चार्जिंग सुरू करू नये.

मूळ उपाय करताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली म्हणजे आपण खरोखर धातूच धरला आहे ना, कारण दाराची आतली बाजू, हँडल आणि मूठ हे बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचे असतात आणि ते धरून प्रभार वाहून जात नाही. दार उघडल्यावर चौकटीच्या खांबावर कुलूप अडकण्यासाठी जी धातूची कडी दिसते, ती रंग नसलेली असल्यामुळे खात्रीची. मात्र दार कोणी लोटणार नाही याची काळजी घ्यावी. चौकटीची रंगवलेली कडा धरली तरी बहुतेक वेळा काम भागते. दुसरी गोष्ट म्हणजे हात मध्येच सुटू नये. मांड्या सीटवरून पूर्ण वेगळ्या होईपर्यंत प्रभार तयार होतच असतो, त्यामुळे अर्धवट उठून हात काढला तर उरलेला प्रभार अंगावर राहतो आणि दार लावताना झटका बसतोच. हात धरलेला असताना तो प्रभार तयार होता होताच गाडीच्या सांगाड्यात निघून जातो, आणि व्होल्टेज चढायला वाव मिळत नाही.

हात धरायचे विसरलात आणि उतरून उभे आहात, तर किल्लीचा धातूचा भाग किंवा एखादे नाणे चिमटीत घट्ट धरून त्याचे टोक गाडीच्या धातूला लावावे. ठिणगी तेव्हाही उडेल, पण ती नाण्याच्या टोकापासून गाडीकडे जाईल. आपल्या त्वचेतून तोच प्रवाह चिमटीच्या मोठ्या क्षेत्रात विभागून जाईल आणि वेदना होणार नाही. जवळ काहीच नसेल तर बोटाच्या टोकाऐवजी कोपर लावलेले बरे.

कपडे, बूट आणि सीट यांत बदल करूनही फरक पडतो, पण माझ्या मते हे दुय्यम उपाय आहेत. सुती कपडे किंवा सीटवर सुती आवरण घातले तर प्रभार कमी साठतो, चामड्याच्या तळाचे बूट जाड रबरी तळाच्या बुटांपेक्षा तो सहज जमिनीत जाऊ देतात. कपडे मऊ करणारे द्रावण पाण्यात पातळ करून सीटवर हलके फवारल्यानेही चांगला परिणाम दिसतो, मात्र आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात डाग पडत नाही ना ते पाहावे, आणि काही दिवसांनी परिणाम ओसरतो हेही लक्षात ठेवावे. हवेतील आर्द्रतेचा प्रभाव सर्वांत मोठा असतो: दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार आपोआप झिरपून जातो, तर सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली गेली की हा झटका वारंवार बसू लागतो. गाडीतील हीटर किंवा एसी आतली हवा आणखी कोरडी करतो, म्हणून लांबच्या प्रवासानंतर झटका जोरात बसल्याचे जाणवते.

गाडीच्या मागे जमिनीला टेकेल असा रबरी पट्टा लटकवण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. त्यावर पैसे घालवू नयेत असे मी स्पष्टपणे सांगेन. तो पट्टा गाडी जमिनीला जोडतो, पण झटका देणारा प्रभार गाडीवर नसून आपल्या अंगावर असतो, आणि आपण व जमीन यांच्यामध्ये आपले बूट असतात. शिवाय टायरमध्ये मिसळलेल्या कार्बन ब्लॅकमुळे (काजळीसारखी कार्बनची भुकटी) टायर थोडेफार वीजवाहक असतातच. इंधन वाचवण्यासाठी 1990 च्या दशकापासून सिलिका (वाळूतला मुख्य घटक, जो वीज वाहून नेत नाही) अधिक असलेले टायर आले, तेव्हा त्यांतही वीजवाहक रबराची एक पट्टी जमिनीपर्यंत आणण्याची पद्धत रूढ झाली.

एका ठिकाणी मात्र हा झटका केवळ त्रासाचा प्रश्न राहत नाही, आणि ते ठिकाण म्हणजे पेट्रोल पंप. पेट्रोलच्या वाफेचे हवेशी योग्य मिश्रण झाले असेल तर ते पेटायला एक मिलिज्यूलच्या पाव भागाइतकी ऊर्जासुद्धा पुरते; वर काढलेल्या साडेसात मिलिज्यूलपैकी काही अंशच ठिणगीत उतरला तरी तो पुरेसा ठरू शकतो. जेथे ग्राहक स्वतः पेट्रोल भरतात तेथे खरा धोका असतो तो नळी टाकीत अडकवून पुन्हा गाडीत जाऊन बसण्यात, कारण परत उठताना अंगावर नवा प्रभार येतो आणि हात थेट वाफेजवळच्या नळीकडे जातो. म्हणून भरणे पूर्ण होईपर्यंत बाहेरच थांबावे. आत जावेच लागले तर नळीला हात लावण्याआधी टाकीच्या तोंडापासून दूर, दाराच्या उघड्या धातूला हात लावून घ्यावा. आणि दुर्दैवाने ज्वाळा दिसलीच, तर नळी टाकीतून ओढून काढू नये, कारण तिच्यासोबत पेटते पेट्रोल बाहेर सांडते; ती तशीच सोडून सर्वांना गाडीपासून दूर न्यावे आणि पंपावरील कर्मचाऱ्यांना पुरवठा ताबडतोब बंद करायला सांगावे.