रोज वचन वाचून मनन करायचं, म्हणजे नक्की काय करायचं?

तुम्ही विचारलंय की बायबल वाचायला घेतलं की पंधरा दिवसांत सुटतं, आणि मननासाठी डोळे मिटले की मन भलतीकडे पळतं. मग ख्रिस्ती माणसं रोज हे करतात तरी कसं?

आधी डोळे मिटणं सोडा. बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटलंय. तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा', म्हणजे हलक्या आवाजात पुटपुटणं. यशया 31:4 मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठीही तोच शब्द आहे. मनन हे ओठांचं काम आहे, हे मला पन्नाशीत कळलं. आई ते जन्मभर करत होती. आम्ही इंदूरचे, घरात मराठी आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हिंदी. मेथी निवडताना तिचे हात चालायचे, तसे ओठही. पानं परातीत, देठ वर्तमानपत्रावर, आणि सकाळी वाचलेलं 23व्या स्तोत्रातलं एकच वचन: "मला काही उणे पडणार नाही." महिनाअखेरीला 'उणे'पाशी ती जरा थांबायची. आम्हा मुलांना वाटायचं, हिशेब करतेय.

रविवारी हेच वचन कानावर पडायचं, "मुझे कुछ घटी न होगी." घटी म्हटलं की मला सियागंज बाजारातला तराजू दिसतो. उणे म्हटलं की आईचा थांबलेला हात. आपल्याकडे दोन भाषा आहेतच, तर दोन्ही भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. ज्या शब्दाला अडखळाल, तिथेच थांबा. दिवसभर तोच शब्द तोंडात घोळवा.

सुटतं का, तर बहुतेक जण उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून अख्खं बायबल वाचायचा वर्षभराचा बेत आखतात. एकूण 1189 अध्याय, म्हणजे रोज तीनहून जास्त. लेवीय या तिसऱ्या पुस्तकातले अर्पणांचे नियम आले की गाडी अडते. तसं वाचनही हवं, पण मननाला सात-आठ वचनं पुष्कळ. मार्कपासून सुरुवात करा. येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतलं ते सगळ्यांत छोटं, 16 अध्यायांचं.

प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. वडील दवाखान्यात होते तेव्हा मलाही सुचत नव्हते. आईने 88वं स्तोत्र काढून हातात दिलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे नुसतं रडगाणं घेऊन जाता येतं, हे मला दवाखान्याच्या त्या बाकावर समजलं.

उद्या मार्क 10:46 ते 52 घ्या. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी, बार्तीमय. लोक गप्प बस म्हणतात, तो आणखी ओरडतो. बोलावणं येताच अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. त्या वस्त्रापाशी थांबा. निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात नियम आहे की गरिबाचं गहाण घेतलेलं वस्त्र सूर्यास्ताच्या आत परत करावं, कारण रात्री पांघरायला त्याच्याकडे तेवढंच असतं. दिसत नसलेल्या माणसाने तेच टाकलं. गर्दीत ते पुन्हा कसं सापडणार होतं?

आणि आंधळेपण समोर दिसत असूनही प्रभू येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? हा प्रश्न तुम्हालाच विचारलाय असं धरा आणि मोठ्याने उत्तर द्या. घरातल्या कोणी ऐकलं तरी चालेल.